हुकूम आणि अंमल : फायरवॉल-सेवेच्या स्क्रिप्टांतील दोषशोधनाचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी यंत्रे, भाषा आणि संस्था यांच्या अनुरोधाने झालेले आहे. सर्व्हर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ज्या लहानमोठ्या स्क्रिप्टा, म्हणजे आज्ञांच्या क्रमवार याद्या, त्यांना इतिहासाच्या साधनांत क्वचितच स्थान मिळते. याचे कारण उघड आहे. या स्क्रिप्टा कामापुरत्या लिहिल्या गेल्या, बिघडल्या तेव्हा दुरुस्त झाल्या, आणि नवी पद्धत येताच टाकून देण्यात आल्या. परंतु जे लिखाण वारंवार दुरुस्त होते, त्यांत दुरुस्तीच्या खुणाही राहतात. आणि त्या खुणांवरून ते वापरणाऱ्यांना कशाची भीती वाटत होती हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. फायरवॉल चालू-बंद करणाऱ्या सेवा-स्क्रिप्टा या दृष्टीने विशेष बोलक्या आहेत.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास हुकूम निघणे आणि अंमल बसणे यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. सनद हाती आहे, पण परगण्यात अंमल बसलेला नाही, असे प्रसंग दफ्तरांत जागोजाग भेटतात. सर्व्हरवरील फायरवॉलचीही स्थिती मुळात अशीच असते. फायलीत लिहिलेले नियम हा हुकूम होय. कर्नलच्या स्मृतीत त्या क्षणी वसत असलेले आणि येणाऱ्या प्रत्येक पॅकेटास लागू होणारे नियम हा अंमल होय. या दोहोंच्या मधोमध स्क्रिप्ट उभी असते, आणि या क्षेत्रातील दोषशोधनाचा जवळजवळ सर्व इतिहास या मधल्या जागेत घडलेला आहे.

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. वेब-सर्व्हर किंवा टपालाचा सर्व्हर ही सेवा म्हणजे एक जिवंत प्रक्रिया असते. ती मेली तर प्रक्रियांच्या यादीतून तिचे नाव जाते, ग्राहकांस उत्तर मिळेनासे होते, आणि तक्रार येते. लिनक्सवरील फायरवॉलच्या बाबतीत असे काही घडत नाही. स्क्रिप्ट चालते, नियम कर्नलच्या स्वाधीन करते आणि संपते. त्यानंतर ‘चालू आहे काय?’ असा प्रश्न विचारल्यास ज्याच्याकडे बोट दाखवावे असे काही उरत नाही. नियम चढले नसतील तरी सर्व्हर उत्तरे देत राहतो, किंबहुना अधिकच मोकळेपणाने देतो. म्हणून या सेवेचा बिघाड हा तक्रारीशिवायचा बिघाड असतो.

प्रारंभी हे असे नव्हते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ तत्कालीन इंटरनेटवर पसरला आणि सुमारे ६,००० यंत्रांना त्याची बाधा झाली असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. त्या सुमारास जाळ्यांच्या सीमेवर पॅकेटांची छाननी करण्याचे प्रयत्न सुरू झालेले होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जेफ्री मोगल यांनी १९८९ साली युनिक्सवर चालणाऱ्या सीमायंत्रांसाठी ‘स्क्रीनडी’ नामक रचना प्रसिद्ध केली. तीत पॅकेट पुढे जाऊ द्यावे की नाही हा निर्णय कर्नल स्वतः घेत नसे. तो एका सामान्य प्रक्रियेस विचारी, आणि तिच्या उत्तराप्रमाणे वागे. वेगाच्या दृष्टीने ही पद्धत खर्चाची होती. परंतु तीत ‘चालू’ आणि ‘बंद’ या शब्दांना सरळ अर्थ होता. पुढे वेगासाठी निर्णय कर्नलच्या आत गेला आणि तो अर्थ हरवला.

नियमांची भाषा मुळातच फसवी आहे, ही जाणीवही याच काळातील होय. ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ साली युसेनिक्स संस्थेच्या सुरक्षाविषयक परिसंवादात वाचलेल्या निबंधात पॅकेट-छाननीचे नियम लिहिणे किती कठीण आहे याचे तपशीलवार विवेचन केले. नियमांच्या क्रमावर अर्थ अवलंबून असतो, आणि काही राउटर सोयीसाठी तो क्रम परस्पर बदलतात, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनातील अर्थ आणि यंत्राने लावलेला अर्थ यांत फारकत होते, हे त्यांनी उदाहरणांनी दाखविले. हुकूम आणि अंमल यांतील अंतराचे हे पहिले पद्धतशीर वर्णन मानावयास हरकत नाही, जरी तेथे प्रश्न राउटरचा होता आणि स्क्रिप्ट अजून रंगभूमीवर आलेली नव्हती.

ती आली लिनक्सबरोबर. १९९४च्या अखेरीस ॲलन कॉक्स यांनी बीएसडी परंपरेतील ‘आयपीएफडब्ल्यू’ लिनक्सच्या १.१ मालिकेत आणले. योस फोस आणि इतर यांनी त्यात सुधारणा केल्या, आणि १९९६च्या २.० आवृत्तीत त्यावर ‘आयपीएफडब्ल्यूॲडम’ या साधनाने नियंत्रण ठेवता येऊ लागले. १९९८च्या मध्यास रस्टी रसेल यांनी मायकेल न्यूलिंग यांच्या साह्याने आतील रचना पुष्कळशी बदलून ‘आयपीचेन्स’ सिद्ध केले. ते जानेवारी १९९९मध्ये २.२ या कर्नलबरोबर सर्वांच्या हाती पडले. १९९९च्या मध्यास रसेल यांनीच पुन्हा नवी मांडणी केली आणि जानेवारी २००१मध्ये २.४ बरोबर ‘आयपीटेबल्स’ आले. पाच वर्षांच्या आत तीन साधने, आणि प्रत्येक वेळी स्क्रिप्टांचे नव्याने लेखन, असा हा वेग होता.

या संक्रमणांत जे दोष उत्पन्न झाले त्यांपैकी एक विशेष अभ्यसनीय आहे. आयपीचेन्समध्ये जे पॅकेट सर्व्हरमधून पलीकडच्या जाळ्यात जावयाचे असे ते ‘इनपुट’, ‘फॉरवर्ड’ आणि ‘आउटपुट’ या तिन्ही साखळ्यांतून जात असे. आयपीटेबल्समध्ये असे पॅकेट केवळ ‘फॉरवर्ड’मधून जाते, ‘इनपुट’ ही साखळी खुद्द सर्व्हरसाठी आलेल्या पॅकेटांपुरती उरली. आता जुन्या स्क्रिप्टेत आतील जाळ्याचे रक्षण ‘इनपुट’मधील नियमांवर सोपविलेले असेल, आणि कोणी तिचे शब्दशः रूपांतर केले, साखळ्यांची नावे लहान रोमन अक्षरांऐवजी मोठ्या अक्षरांत लिहिली, ‘डिनाय’च्या जागी ‘ड्रॉप’ घातले, तर स्क्रिप्ट एकही दोष न दाखविता चालत असे. सर्व नियम यादीत दिसत. फक्त आतील जाळे उघडे पडलेले असे. शब्दशः भाषांतराने अर्थ कसा निसटतो याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

दुसरा दोष दोन पद्धतींच्या सहवासातून उद्भवला. २.४ या कर्नलमध्ये जुन्या स्क्रिप्टा चालाव्यात म्हणून आयपीचेन्सचे मॉड्यूलही उपलब्ध होते. परंतु ते आणि आयपीटेबल्सचे मॉड्यूल एकाच वेळी चढविता येत नसत. रेड हॅटच्या त्या काळातील आयपीटेबल्स-स्क्रिप्टेच्या आरंभी यासाठी एक तपासणी केलेली आढळते. आयपीचेन्सचे मॉड्यूल चढलेले दिसल्यास दोन्ही एकदम करू नयेत अशा आशयाची टीप देऊन स्क्रिप्ट तेथेच थांबते, आणि थांबताना ‘शून्य’ हा निर्गमांक परत करते. युनिक्सच्या संकेतानुसार शून्य म्हणजे यश. अर्थात व्यवस्थापकाने आयपीटेबल्सची सेवा सुरू करण्याची आज्ञा द्यावी, पडद्यावर काहीही न येता आज्ञा परतावी, आणि एकही नियम चढलेला नसावा, असा प्रकार घडे. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच होते: जेथे ही सेवा लागू नाही तेथे ती गुपचूप बाजूस व्हावी. परंतु ‘काम झाले’ आणि ‘हे काम माझे नव्हे’ ही दोन उत्तरे एकाच अंकाने दिली गेली, आणि पुष्कळ व्यवस्थापकांच्या रात्री त्या एका अंकाने खाल्ल्या असल्या पाहिजेत.

आता स्क्रिप्टेच्या क्रमाकडे वळू. सिस्टिम-फाइव्ह पद्धतीत सेवा कोणत्या क्रमाने सुरू व्हाव्यात हे दोन-अंकी संख्यांनी ठरत असे. रेड हॅटच्या स्क्रिप्टांत आयपीटेबल्सला सुरू होण्यासाठी ०८ आणि थांबण्यासाठी ९२ हे अंक दिलेले होते. नेटवर्कला अनुक्रमे १० आणि ९०. या चार अंकांत एक पूर्ण सिद्धान्त सामावलेला आहे. जाळे जोडले जाण्यापूर्वी भिंत उभी राहावी, आणि जाळे तुटल्यानंतरच ती उतरावी. मध्ये क्षणभरही उघडी फट असू नये. सिद्धान्त निर्दोष होता. परंतु त्याचा एक परिणाम कोणाच्या सहज ध्यानात येत नसे. नियमात अंकी पत्त्याऐवजी यंत्राचे नाव लिहिले असेल, तर नियम चढविताना त्या नावाचा पत्ता डीएनएसकडून विचारून घ्यावा लागतो. आणि ०८ या क्रमांकावर जाळे अस्तित्वातच नसते. नाव सुटत नाही, नियम नाकारला जातो. पुढे व्यवस्थापक येतो, सेवा हाताने पुन्हा सुरू करतो, आणि आता जाळे जोडलेले असल्यामुळे सर्व काही सुरळीत चालते. ‘हाताने चालते, आपोआप चालत नाही’ ही जी या क्षेत्रातील जुनी तक्रार आहे, तिचे मूळ अनेकदा असे क्रमांकात असते. घरी लिहिलेल्या स्क्रिप्टांत याला आणखी एक कारण जोडले जाई: यंत्र सुरू होताना आज्ञा शोधण्याच्या निर्देशिकांची यादी तोकडी असते, आणि आज्ञेचा पूर्ण मार्ग न लिहिल्यास ती सापडतच नाही.

नियम नाकारला गेल्यावर पुढे काय होई, हे स्क्रिप्ट कशी लिहिली आहे यावर अवलंबून होते, आणि येथे या इतिहासातील खरा पेच उभा राहतो. एकेक नियम स्वतंत्र आज्ञेने चढविणाऱ्या स्क्रिप्टेत मधली एक आज्ञा फसली तरी शेल पुढील आज्ञा चालवीत राहते, आणि अखेरीस जो निर्गमांक परत जातो तो केवळ शेवटच्या आज्ञेचा असतो. वीस आज्ञांपैकी सातवी फसली आणि विसावी साधली, की स्क्रिप्ट यशस्वी. फसल्याचा संदेश यंत्राच्या पडद्यावर क्षणभर उमटून जाई, आणि दूरच्या खोलीतील सर्व्हरसमोर तो वाचण्यास कोणी बसलेले नसे. यावर उपाय म्हणून ‘आयपीटेबल्स-रिस्टोअर’ वापरण्याची पद्धत रूढ झाली. तीत संपूर्ण तक्ता फायलीतून वाचला जातो आणि ‘कमिट’ ही ओळ येताच एकदम लागू होतो. अर्धवट भिंत ही अवस्था त्यामुळे नाहीशी झाली. परंतु त्याबरोबर दुसरी अवस्था आली: फायलीत एके ठिकाणी अक्षर चुकले तर सबंध तक्ताच लागू होत नाही. आणि यंत्र नुकतेच सुरू झालेले असताना कर्नलचे मूळ धोरण सर्व पॅकेटांना मुभा देण्याचे असते. पूर्वी एका चुकीने एक वीट गळत असे. आता एका चुकीने भिंतच उभी राहत नसे. रेड हॅटच्या नंतरच्या स्क्रिप्टेत मुख्य फाईल न चढल्यास वापरण्याच्या पर्यायी फायलीची तरतूद दिसते, ती या अनुभवातूनच आलेली असावी.

या पेचाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर लिनक्समध्ये नव्हे, तर ओपनबीएसडीमध्ये सापडते. मे २००१मध्ये परवान्याच्या वादामुळे त्या प्रणालीतून ‘आयपीफिल्टर’ काढून टाकण्यात आले. डॅनिएल हार्टमायर यांनी त्याच्या जागी ‘पीएफ’ लिहिले आणि डिसेंबर २००१मधील ३.० आवृत्तीत ते प्रसिद्ध झाले. ओपनबीएसडीच्या आरंभ-स्क्रिप्टेत नियम दोन टप्प्यांत चढतात. जाळे जोडण्यापूर्वी स्क्रिप्टेतच लिहिलेले मोजके नियम लागू होतात: सर्व बंद, यंत्राचा स्वतःशी चालणारा व्यवहार मोकळा, बाहेरून एसएसएचने येण्यास वाट, नावांचे पत्ते विचारण्यास वाट, आणि अशाच काही निकडीच्या बाबी. मग जाळे जोडले जाते. त्यानंतर व्यवस्थापकाने लिहिलेली खरी फाईल वाचली जाते. या क्रमात तिन्ही अडचणींचा विचार आहे. फायलीत यंत्रांची नावे असली तरी ती सुटतात, कारण जाळे आलेले असते. फाईल चुकीची असली तर ती नाकारली जाते, परंतु आधीचे मोजके नियम जागेवर राहतात, म्हणून सर्व्हर उघडा पडत नाही. आणि एसएसएचची वाट शिल्लक असल्यामुळे व्यवस्थापक आत येऊन चूक सुधारू शकतो. किल्ल्याचा महादरवाजा बंद झाला तरी दिंडी उघडता यावी, तसे हे आहे. शिवाय फाईल लागू न करता तिचे केवळ व्याकरण तपासून पाहण्याची सोय पीएफच्या साधनात होती, आणि तिचा उपयोग करण्याची सवय त्या समाजात लवकर रुजली.

लिनक्सकडे मात्र थांबण्याच्या अर्थावरच एकमत नव्हते. रेड हॅटच्या स्क्रिप्टेस ‘स्टॉप’ म्हटले की ती नियम पुसे, साखळ्या काढून टाकी आणि धोरण ‘मुभा’ असे करी. म्हणजे दरवान रजेवर गेला की दार सताड उघडे. त्याच स्क्रिप्टेत ‘पॅनिक’ नावाची वेगळी आज्ञा होती, जी सर्व साखळ्यांचे धोरण ‘ड्रॉप’ करून दार लावून टाकी. ज्यांनी हाताने काम केले त्यांना आणखी एका भेदाची किंमत मोजावी लागली. ‘फ्लश’ या क्रियेने साखळीतील नियम पुसले जातात, पण साखळीचे धोरण बदलत नाही. धोरण ‘ड्रॉप’ असताना दूरच्या सर्व्हरवर, एसएसएचने बसून, ‘सर्व नियम काढून पाहू’ अशा हेतूने कोणी फ्लश केले, की मुभा देणारे नियम जातात आणि नकार देणारे धोरण राहते. पुढचे अक्षर यंत्रापर्यंत पोहोचत नाही. मग कोणास तरी दूरध्वनी करून सर्व्हरच्या खोलीत पाठवावे लागते, किंवा स्वतः प्रवास करावा लागतो.

या भीतीतून जी लोकविद्या निर्माण झाली ती कोणत्याही ग्रंथाइतकीच महत्त्वाची आहे. नियम बदलण्यापूर्वी, पाच मिनिटांनी फायरवॉल उघडी करणारे काम वेळापत्रकात टाकून ठेवावे. बदल नीट झाला तर ते काम रद्द करावे, आणि स्वतःच अडकलो तर पाच मिनिटे वाट पाहावी. डेबियनच्या परंपरेत मार्टिन क्राफ्ट यांनी लिहिलेल्या ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ या स्क्रिप्टेने या युक्तीस शिस्त आणली. ती नवे नियम लावते, व्यवस्थापकास प्रश्न विचारते, आणि ठरावीक मुदतीत होकार न आल्यास जुने नियम परत बसविते. तिचा प्रश्न मोठ्या जाणत्या माणसाने योजलेला आहे. ‘तुमची जोडणी चालू आहे काय?’ असे ती विचारत नाही. यंत्राशी नवी जोडणी करता येते काय, असे विचारते. कारण २.४ पासून कर्नल चालू जोडण्यांची नोंद ठेवू लागले, आणि स्थापित जोडणीस मुभा देणारा नियम असला की बसलेला माणूस आत राहतो, पण नव्याने येणारा बाहेर अडकतो. आपण आत आहोत यावरून दार उघडे आहे असे अनुमान करणे चूक ठरते. याच नोंदींचा दुसरा परिणाम रेड हॅटच्या स्क्रिप्टेत दिसे. सेवा पुन्हा सुरू करताना मॉड्यूले उतरविण्याचा पर्याय तेथे मुळातच चालू ठेवलेला होता. मॉड्यूले उतरली की जोडण्यांची स्मृतीही जाई, आणि नियमांत काडीचा फरक न करता केलेल्या पुनरारंभानेही काही चालू व्यवहार तुटत.

अडकून पडण्याची भीती आणि उघडे पडण्याची भीती या दोन भीती सारख्या तोलाच्या नव्हत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. अडकलेल्या व्यवस्थापकास आपली चूक एका मिनिटात कळते. उघड्या पडलेल्या सर्व्हरची चूक महिनोन् महिने कोणास कळत नाही. साहजिकच स्क्रिप्टांतील बहुतेक चातुर्य पहिल्या भीतीवर खर्च झाले. धोरण शेवटी लावावे, एसएसएचचा नियम प्रथम लिहावा, शंका आल्यास उघडे सोडावे, हे सर्व संकेत माणसाला आत ठेवण्यासाठी आहेत. सर्व्हरच्या मागे ज्यांची माहिती साठविलेली असे, त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी स्क्रिप्ट लिहिताना समोर नसे. ॲविशाय वूल यांनी २००४ साली ‘आयईईई कॉम्प्युटर’ या नियतकालिकात संस्थांच्या ३७ फायरवॉल-नियमावल्या तपासून, नियमांची गुंतागुंत जितकी अधिक तितक्या चुका अधिक असे दाखविले. तो अभ्यास मोलाचा आहे. परंतु त्यांत तपासले गेले ते लिहिलेले नियम. त्यांपैकी किती त्या त्या दिवशी खरोखर लागू होते, हा प्रश्न त्या पद्धतीच्या कक्षेबाहेरचा होता.

लागू असलेले नियम पाहावयाचे तर कर्नलला विचारावे लागते, आणि तेथेही साक्ष सरळ मिळत नाही. आयपीटेबल्सची नियम दाखविण्याची साधी आज्ञा प्रत्येक पत्त्याचे नाव डीएनएसकडून विचारते. फायरवॉलने डीएनएसची उत्तरेच अडविली असतील तर यादी एकेका ओळीवर रेंगाळते, आणि नवशिक्यास वाटते की आज्ञाच बिघडली. वस्तुतः तो रेंगाळणेच त्याला हवा असलेला पुरावा असतो. पत्ते अंकी दाखविण्याचा पर्याय दिल्यास ही अडचण सरते. दुसरा सापळा अधिक घातक आहे. साध्या यादीत नियम कोणत्या जोडणी-मार्गास लागू आहे हे दाखविले जात नाही. त्यामुळे यंत्राच्या स्वतःशी चालणाऱ्या व्यवहारापुरती असलेली मुभा यादीत ‘कोणाकडूनही कोणाकडेही सर्व काही मान्य’ अशी दिसते. ती पाहून घाबरून अनेकांनी तो नियम काढला, आणि मग आपसांत बोलणाऱ्या स्थानिक सेवा एकामागून एक खोळंबल्या. विस्तृत यादी मागितली की मार्गही दिसतो आणि प्रत्येक नियमास किती पॅकेटे लागली याची मोजणीही दिसते. अनुभवी शोधक या मोजणीवरच भर देतो: ज्या नियमाची संख्या शून्यावरून हलत नाही, तो कितीही योग्य लिहिलेला असो, त्याच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही. त्याच्या वर कोठेतरी दुसऱ्या नियमाने निकाल लावलेला असतो. स्क्रिप्टेतील प्रत्येक आज्ञा छापून दाखविणारा शेलचा पर्याय हुकुमाची साक्ष देतो, मोजणी अंमलाची साक्ष देते. आणि २००७पासून कर्नलच्या मुख्य शाखेत आलेले ‘ट्रेस’ एकेका पॅकेटाचा प्रवास नियमागणिक नोंदवून या दोन्ही साक्षी ताडून पाहण्याची सोय करते.

उलट दिशेचा दोषही विसरता कामा नये. रेड हॅटच्या स्क्रिप्टेतील ‘सेव्ह’ ही आज्ञा कर्नलमधील चालू नियम फायलीवर लिहून टाकी. दोष शोधताना तात्पुरता घातलेला सर्वमान्य नियम एखाद्याने विसरून सेव्ह केला, की तो कायमचा हुकूम होई. आणि फायलीत पूर्वजांनी हाताने लिहिलेल्या टिपा, कोणता नियम कोणासाठी आणि का, त्या पुसल्या जात. येथे अंमल हुकुमाला लिहितो.

एप्रिल २०१०मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी ‘सिस्टिमडी’ जाहीर केले, आणि मे २०११मधील फेडोरा १५ पासून त्याचा अवलंब सुरू झाला. क्रमांकांची जागा नावांनी सांगितलेल्या संबंधांनी घेतली. फायरवॉलच्या सेवेने ‘नेटवर्क-प्री’ या टप्प्याच्या आधी यावे असे आता लिहिता येते. मात्र केवळ क्रम सांगून भागत नाही, तो टप्पा आपणास हवा आहे असेही वेगळे लिहावे लागते, नाही तर टप्पाच अस्तित्वात न येता क्रम निरर्थक होतो. ०८ आणि १० यांचा जमाना गेला, पण त्यांतील भूल नव्या भाषेत राहिली. सेवेच्या स्थितीचा जुना प्रश्नही सुटला नाही. एकदा चालून संपणाऱ्या सेवेस सिस्टिमडी ‘कार्यरत, समाप्त’ अशी जोडपदवी देते. व्याकरणदृष्ट्या ती विसंगत वाटते. वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ती आजवरच्या सर्व वर्णनांपेक्षा प्रामाणिक आहे. स्क्रिप्ट संपली एवढे ती सांगते. नियम अजून तेथे आहेत काय, याविषयी ती काही बोलत नाही.

‘फायरवॉलडी’ने प्रक्रिया परत आणली. जानेवारी २०१३मधील फेडोरा १८ आणि जून २०१४मधील रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ यांत ते मुळातच लावलेले आले. त्याची एक गोष्ट लक्षणीय आहे: हुकूम आणि अंमल यांतील अंतर त्याने उघड मान्य केले. चालू मांडणी आणि कायम मांडणी अशा दोन मांडण्या तेथे वेगळ्या असतात. कायम म्हणून लिहिलेला नियम पुन्हा वाचन केल्याशिवाय लागू होत नाही, आणि चालू म्हणून लावलेला पुनरारंभानंतर टिकत नाही. नवशिक्यास हा जाच वाटतो. पण जुन्या स्क्रिप्टेत जे अंतर अपघाताने पडे ते येथे नियम म्हणून समोर ठेवलेले आहे. जुनी आयपीटेबल्स-सेवा आणि फायरवॉलडी एकमेकांस प्रतिकूल आहेत असे सेवेच्या वर्णनातच नोंदविले गेले, त्यामुळे एक सुरू केली की दुसरी थांबते. सवयीने जुनी सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थापकाने नवीचे सर्व नियम नकळत खाली उतरविले, असे त्या संक्रमणात घडत असे.

दरम्यान कर्नलशी बोलणारे हातही वाढले. मार्च २०१३मध्ये डॉकर प्रसिद्ध झाले आणि ते आपल्या कंटेनरांसाठी स्वतःच नियम घालू लागले. दोन आज्ञा एकाच क्षणी नियम बदलू लागल्यास एक मागे राहावी म्हणून २०१३मध्येच आयपीटेबल्सला कुलूप बसविण्यात आले, आणि ‘दुसरा कोणी कुलूप धरून आहे’ हा संदेश स्क्रिप्टांच्या नोंदवह्यांत दिसू लागला; थांबून राहण्याचा पर्याय न दिलेल्या आज्ञा त्या क्षणी फसत आणि एखादा नियम गळून जाई. पॅट्रिक मॅकहार्डी यांनी २००९मध्ये मांडलेले आणि पाब्लो नेइरा आयुसो यांनी पुढे नेलेले ‘एनएफटेबल्स’ जानेवारी २०१४मध्ये ३.१३ या कर्नलात आले. त्याने सबंध नियमावली एका घावात बदलण्याची आणि आधी तपासून पाहण्याची सोय दिली. परंतु डेबियनच्या एनएफटेबल्स-सेवेच्या फायलीची पहिली आज्ञाच ‘सर्व नियम पुसा’ अशी आहे. ‘सर्व’ या शब्दात डॉकरने घातलेले नियमही येतात. सेवा नव्याने सुरू केली की कंटेनरांचे दळणवळण बंद पडते, आणि स्क्रिप्ट मात्र तिला सांगितले तेच अचूक करून यशस्वी ठरलेली असते.

जुलै २०१९मधील डेबियन १० पासून ‘आयपीटेबल्स’ हे नाव घेतले तरी आतून एनएफटेबल्सच वापरले जाते. जुनी रचना ‘लेगसी’ या नावाने शेजारी ठेवलेली आहे. २००१ साली आयपीचेन्स आणि आयपीटेबल्स एकत्र नांदूच शकत नसत. येथे दोन्ही नांदतात. एखादी जुनी स्क्रिप्ट किंवा जुना कार्यक्रम लेगसीकडून नियम घालतो, व्यवस्थापक नव्या साधनाने यादी मागतो, आणि यादीत ते नियम नसतात. पॅकेटास मात्र दोन्ही दफ्तरांपुढे उभे राहावे लागते: एकाने दिलेली मुभा दुसऱ्यास बांधील नाही, आणि कोणाही एकाचा नकार अखेरचा आहे. नव्या साधनाच्या यादीबरोबर, लेगसीचे तक्तेही येथे आहेत ते त्या साधनाने पाहावेत, अशी एका ओळीची सूचना येते. ती नियमांचा भाग नसून टीप असल्यामुळे, यादी वाचून निर्णय करणाऱ्या बहुतेक स्क्रिप्टा तिला वगळून पुढे जातात.